बुजवलेली खांड

साहेब म्हणाला, "तूच खा." आणि माझ्या बाने माती खाल्ली.

गावासमोर. साहेब बांधावर बुटांत, बा खाली गुडघाभर चिखलात. शेतात किती खार चढलाय ते आमच्यात माती जिभेवर ठेवून बघतात. बाने ढेकूळ पुढे केलं ते त्यासाठी. "चाखून बगा सायेब, शेत खारं झालंय." साहेबाला वाटलं, हा थट्टा करतोय. शेजारी उभा असलेला शेठ खो खो हसला. बा एवढा घाबरला की मूठभर माती गिळून मोकळा झाला. मी बारा वर्षांची होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मुलुंडच्या खाडीकाठी आमचं भात. साहेब यायच्या आठ दिवस आधी, अवसेच्या उधाणाला, भर दुपारी, बांध फुटला. फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की गावात चूल पेटत नाही. रातची भरती यायच्या आत ती बुजवायचीच. बाया, म्हातारे, पोरं, सगळी चिखलात. बुजवली. पण पाणी शेतात शिरायचं ते शिरलंच होतं.

मग कळलं, सरकार मदत देतंय. बियाण्याला, बांधाला. स्वराज्य आलं होतं ना! ती मिळाली तर शेत वाचणार होतं. नाहीतर पडीक.

नुकसान बघायला आलेल्या त्या साहेबाने बांध बघितला. "हा तर शाबूत आहे. नुकसान कुठंय?"

"आमीच बांदला सायेब. त्याच दिशी."

"मग झालं तर."

खाडीपल्याड शेठचं शेत. त्याची खांड आठ दिवस तशीच उघडी. दाखवायला ठेवलेली. त्याला कायदा ठाऊक होता. ती मोजली, लिहिली, त्याला मदत मंजूर. आमची चूक काय? घर पेटलं तर आम्ही विझवलं. साहेब येईपर्यंत जळत ठेवायला हवं होतं म्हणे! वा रे न्याय.

कारकुनाने कागद पुढे केला. "अंगठा दे इथं." बा चिखलाचा हात धोतराला पुसायला लागला. मी चौथी पास. वाचलं. लिहिलं होतं, 'नुकसान नाही.'

मी बाचं मनगट धरलं. "बा, नको. नुसकान नाय असं लिवलंय यात."

"ए पोरी, तुला कुणी विचारलं? सोड हात," कारकून खेकसला.

"नाय सोडत. अंगठा नाय मिळायचा."

शेठ बाला म्हणाला, "पोरगी डोक्यावर बसवलीस रे." बाचा हात माझ्या हातात होता. त्याने तो पुढे केला नाही. माझी पाठ घामाने भिजली होती, तरी मी मान खाली घातली नाही.

मदत आली नाही. भात लाल पडलं, मग जळलं. बा मिठागरावर पाट्या वाहायला गेला. ज्या मिठाला त्याच्या बापजाद्यांनी शेताबाहेर ठेवलं, तेच डोक्यावर. मानेला जखमा झाल्या. एकदा आय त्यांना तेल लावत होती, तेव्हा मी विचारलं, "बा, माज्यामुलं गेली का मदत?"

"नाय गं बाय," तो म्हणाला. "ती आपली नव्हतीच." आणि हुंदके देऊन रडला. बापाला रडताना बघू नये कुणी. तिसऱ्या पावसाळ्यात शेतातला खार धुऊन गेला, भात हिरवं झालं. बघायला बा नव्हता.

त्याला वर्षं लोटली. परवा परत खांड पडली. परवाच बुजवली. फुटकी ठेवून भीक मागायची आमची रीत नाही, आणि ती मी बदलू देणार नाही.

उद्या नवा साहेब येतोय. गावातल्या सगळ्या बाया बांधावर उभ्या राहणार आहोत. त्याला बूट काढून शेतात उतरावं लागेल, तो लिहील ते मी मोठ्याने वाचीन. खोटं निघालं तर त्याच्या डोळ्यांदेखत कागद फाडीन. तुरुंगात टाकायचं तर टाका. मी तयारीने येतेय.