अक्कांची कढई आणि जड पाणी

सोयराबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही बंगळुरातले भावसार, बोलण्यात कन्नड मिसळलेलं, म्हणून सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. कब्बनपेटेत त्यांचं घर आणि मागच्या अंगणात रेशीम रंगवायची शेड. थोरले दीर रघुजी रंग करायचे, अक्का त्यांच्या बरोबरीनं कढईवर उभ्या राहायच्या. मूलबाळ नव्हतं. त्रेसष्ट-चौसष्ट सालची गोष्ट. दीर जेवून उठले, चूळ भरली, ओसरीवर टेकले आणि बसल्या जागी गेले.

अक्का रडल्या नाहीत. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तशा त्या शेडमध्ये जाऊन लडी फिरवायचे दांडे पुसत बसल्या. मी विचारलं, "अक्का, जेवलात का?"

"जेवले असेन," म्हणाल्या.

जायच्या आधी दिरांनी एक काम करून ठेवलं होतं. विहीर आटली म्हणून खडक फोडून ती खोल करून घेतली होती. पाणी लागलं, पण ते जड. रेशीम उकळायचा साबण फेसाळायचा नाही, त्याचा चिकट थर रेशमावर बसायचा आणि वरून रंग दिला की पट्टे उठायचे. रस्त्यावरच्या नळाचं पाणी पिण्यालाच पुरेना, कढईला कुठून आणणार?

दीर गेल्यानंतरचा पहिलाच घाणा पट्ट्यापट्ट्यांचा निघाला. सूत देणारे चिक्कपेटेचे शेट्टी ओसरीवर येऊन म्हणाले, "अक्का, लग्नसराईचं सूत देतो, लाल करायचं. एकसारखं आलं तर काम इथंच. नाही आलं तर मला दुसरा रंगारी बघावा लागेल."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या.

आम्ही तेव्हा होसकोट्याला राहत होतो, बंगळुरापासून बसनं तासाभरावर; माझी अक्कांकडे ये-जा असायची. आमच्या घरच्यांकडून, म्हणजे अक्कांच्या धाकट्या दिरांकडून, त्यांना एकच सांगणं चाललं होतं. "वहिनी, कशाला हा व्याप? कढया मोडीत घाला, घर भाड्यानं द्या आणि आमच्याकडे चला. मागची खोली आहे की."

"ज्वारीच्या पोत्यांची?" अक्कांनी विचारलं.

"पोती हलवू."

त्या लडी पिळायला वळल्या. पण शेड बंद झाली की त्या पोत्यांच्या खोलीत येणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

मल्लाप्पा चिकोडीकडचा. एका बंद पडलेल्या गिरणीत बॉयलरवर होता, दिरांच्या ओळखीचा. त्यानं गिरणीतलं जुनं सॉफ्टनर मिळवून दिलं. माणसाच्या छातीएवढ्या उंचीची लोखंडी टाकी आणि आत हिरवट वाळू. वरून जड पाणी सोडायचं, खालच्या तोटीतून मऊ पाणी घ्यायचं. छपरावर पिंप चढवून त्यानं नळी जोडली. अक्कांनी मला हाक मारली. "तू लाव गं हळदकुंकू, मी नको." मी टाकीला हळदकुंकू लावलं, आमच्या कुलदेवीचं, हिंगुळांबिकेचं नाव घेऊन नारळ फोडला. अक्का मागे दाराशी उभ्या होत्या.

मल्लाप्पानं जाताना बजावलं, "वाळू थकली, म्हंजे साबण परत फेसाळंना झाला, की घरातलं मीठ पाण्यात कालवून घालायचं. तासभर ठेवून सोडून द्यायचं मोरीत. वाळू परत ताजी होती बघा."

तो गेला. अक्का स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीपुढे उभ्या राहिल्या. मीठ म्हणजे लक्ष्मी. सांडलं तर वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आणि इथं पायलीभर मीठ मोरीत ओतायचं.

वाळू थकली तेव्हा अक्कांनी बरणीला हात लावला नाही. शेडमध्ये रंगकामाच्या कडवट मिठाचं पोतं होतं, रेशमावर रंग सारखा चढावा म्हणून वापरायचं. ते खायचं नाही, म्हणून त्याचं पाप नाही. तेच कालवून त्यांनी टाकीत घातलं. तोटीतून आधी दुधासारखं पाणी आलं, मग थेंब थेंब, मग काहीच नाही.

मल्लाप्पानं झाकण उघडून आत हात घातला. "काय केलासा हो अक्का हे? वाळूचा गिलावा झाला की. भिंत बांधायची हाय काय?"

अक्कांनी पोतं दाखवलं.

"घरचं मीठ म्हणालो होतो न्हवं मी? ह्या मिठानं पाण्यातला चुना आतच गोठतोय बघा."

"ऐकलं होतं," अक्का म्हणाल्या. "मोरीत ओतवेना."

मल्लाप्पानं बाह्या वर सारल्या. मग दोघांनी मिळून टाकी उपसली. अक्का अंगणात बसून मुसळानं ढेकळं फोडत, चाळणीत धूत राहिल्या. बोटं सोलली, तरी हात थांबेना. मी औषध लावू का विचारलं, तर बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दुखत नाही." वाळू निम्मीच वाचली. मल्लाप्पा म्हणाला, दिवसाला एक कढई निघेल, जास्त नाही.

पुन्हा मीठ घालायची वेळ आली तेव्हा अक्का बरणी घेऊन आल्या. आल्याआल्या त्यांनी मल्लाप्पाला टाकीची खालची नळी मोरीकडून फिरवायला लावली. अंगणाच्या कोपऱ्यात माड होता. माडाच्या बुंध्यात मीठ घालायची रीत आमच्याकडे आहेच. तिथं खड्डा करून सगळं खारं पाणी माडाला सोडलं.

"आता पाप नाही?" मल्लाप्पानं हसत विचारलं.

"माडाला दिलं," अक्का म्हणाल्या.

लाल सूत रोज एक कढई असं करत त्यांनी संपवलं. शेट्टींनी एकेक लडी उन्हात धरली, उलटी करून पाहिली, नखानं धागा ओढून पाहिला. गड्याला हाक मारून बाहेरून नवं गाठोडं आणवलं आणि ओसरीवर ठेवलं.

आमच्या घरचे तिथंच होते. "मग वहिनी, होसकोट्याचं कसं करायचं?"

"दिवाळीला येईन की, पाहुणी म्हणून."

मला वाटलं, आता तरी हसतील, नाही तर रडतील. त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली, सूत हातावर तोललं आणि शेडमध्ये गेल्या. आम्ही दोघं बसनं होसकोट्याला परतलो. पोती हलवली नाहीत.