सकाळी बरे, संध्याकाळी ताप

मंडळी, आत्ता दवाखान्यात बाबांच्या खाटेशेजारी बसून लिहितेय.

गेले काही दिवस त्यांना ताप आहे. आज सकाळी मात्र अंग थंड होतं. आंघोळ केली, पोटभर पोहे खाल्ले आणि गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात निघाले.

"बाबा, आज राहू द्या ना."

"काहून? मले काय झालं? ठणठणीत आहो मी."

मलाही ते खरंच वाटलं.

संध्याकाळी शेजारच्या दुकानदार काकांचा फोन आला. "बेटा, लवकर ये. तुझे बाबा थरथर कापून राहिले."

डॉक्टर म्हणाले, "शरीराचं रोजचं चक्र असतं. ताप बहुतेकदा पहाटे उतरतो आणि संध्याकाळी चढतो. सकाळी बरं वाटलं म्हणजे इन्फेक्शन गेलं असं नाही."

सलाईन सुरू आहे. रिपोर्ट उद्या येतील. तोवर मी नुसती त्यांचे पाय दाबत बसलेय.

सकाळी ताप उतरला की ते हसून म्हणतील, "चाल वं, घरी जाऊ." बरं वाटणाऱ्या माणसाला तो आजारी आहे हे कसं पटवायचं? आणि त्यांचं ऐकावंसं वाटणाऱ्या मला कोण थांबवणार?