चोवीस मशीन, चार गाड्या

सव्वीस वर्षं रोझेला टिम्कोने टॅनर्स गॅप गावच्या इस्पितळातल्या चादरी धुतल्या. रक्ताचा डाग गार पाण्यात, आयोडीनचा वेगळा, म्हाताऱ्या माणसांच्या चादरी दोनदा. तळघरातल्या त्या वाफेत तिचे केस कायमचे कुरळे झाले आणि कोपरापर्यंतचे हात कायमचे लाल. मग एका वसंतात इस्पितळाने धुलाई बंद केली. चादरी दोन तासांवरच्या कुठल्याशा मोठ्या कारखान्यात जायला लागल्या आणि रोझेलाला एक केक, एक घड्याळ आणि थोडीफार रक्कम देऊन घरी पाठवलं. तेव्हाही ती चिडली नाही. केक कापला, सगळ्यांना वाढला, उरलेला डबा भरून नवऱ्यासाठी घरी आणला.

तिला राग आला तो पुढच्या हिवाळ्यात, आणि एकदा आला तो गेलाच नाही.

वॉटर स्ट्रीटवरची एकुलती एक लाँड्री, पैसे टाकून आपले कपडे आपणच मशीनमध्ये धुवायची, त्याच सुमाराला बंद पडली. मालक वारला, छत गळायला लागलं, मुलांना त्यात रस नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण त्यांच्या घरोघरी मशीन. खाली नदीकाठच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये मात्र मशीन ठेवायला जागा नाही, नळ नाही, घरमालकाची परवानगी नाही. ती माणसं बाथटबमध्ये कपडे धुवायला लागली.

जानेवारीतल्या एका सकाळी रोझेला ब्रेड आणायला निघाली होती. समोरून यारित्सा पेन्या येत होती. गोदामात रात्रपाळी करणारी, दूरच्या बेटावरून आलेली डोमिनिकन, तीन पोरांची आई. ती बाबागाडी ढकलत होती आणि बाबागाडीत बाळ नव्हतं, ओल्या कपड्यांचा ढीग होता. वरचा टॉवेल गोठून पत्र्यासारखा ताठ झाला होता.

"कुठे निघालीस हे घेऊन?" रोझेलाने विचारलं.

"बहिणीकडे. तिच्याकडे हीटर चांगला आहे. तिथे वाळतात."

"तुझी बहीण तर पुलापलीकडे राहते!"

"हो ना," यारित्सा म्हणाली. "म्हणून तर लवकर निघाले."

रोझेला ब्रेड न घेताच घरी आली. नवरा अँडी स्वयंपाकघरात पेपर वाचत होता. आयुष्यभर ट्रक चालवून त्याची कंबर गेली होती, जीभ शाबूत होती.

"अँडी, मी लाँड्री काढणार."

"सव्वीस वर्षं धुऊन पोट नाही भरलं तुझं?"

"नाही भरलं."

त्याने पेपर खाली ठेवला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

जागा मिळाली ती वॉटर स्ट्रीटवरच, फर्निचरचं जुनं दुकान. मोठी खिडकी, पक्की फरशी, शेजारी गाड्यांसाठी छोटीशी मोकळी जागा. चोवीस मशीन सहज मावत होती. अडलं ते त्या मोकळ्या जागेत. गावाचा नियम असा की लाँड्रीत दर दोन मशीनमागे एका गाडीची जागा हवी. चोवीस मशीन, म्हणजे बारा जागा. तिच्याकडे होत्या चार. नियमातून सूट हवी असेल तर झोनिंग बोर्डापुढे, म्हणजे कुठे काय चालू द्यायचं ते ठरवणाऱ्या गावच्या मंडळापुढे, अर्ज करायचा.

"साधी गोष्ट आहे," परवाने देणारा ड्वाइट रीगल म्हणाला. तो गावच्या कचेरीत एकटाच बसायचा, मवाळ माणूस, कुणाला दुखवायचं नाही म्हणून वाक्यं अर्धी सोडणारा. "म्हणजे, साधीच असते बहुतेक वेळा..."

बोर्डावर पाच जण. अध्यक्ष वॉल्टर ग्रेबिल, घरांचे सौदे करणारा, गोड बोलणारा, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघणारा. पहिल्या महिन्याच्या बैठकीत त्याने रोझेलाचा नकाशा दोन बोटांत धरून उचलला.

"हा कुणी काढलाय, मिसेस टिम्को?"

"मी. टेप लावून मोजलंय सगळं."

"छान काढलाय. पण इंजिनिअरचा शिक्का नाही यावर. पुढच्या महिन्यात या."

तिने इंजिनिअर गाठला. त्याने तिचीच मापं पुन्हा घेतली, तीच निघाली, शिक्का मारला.

दुसऱ्या महिन्यात बोर्डाचे तीनच जण हजर. एक आजारी, एक मुलीच्या घरी. रोझेलाच्या आधी हायवेवरच्या नव्या स्टेकहाउसचा, भाजलेल्या मांसाच्या हॉटेलाचा, अर्ज होता. त्यांना तीस गाड्यांची सूट हवी होती. तीस! मालक कोट घालून आला होता, सोबत वकील. वॉल्टरने विचारलं, "मांस कसं देणार, कच्चं ठेवणार की चामडं करणार?" सगळे खो खो हसले. दहा मिनिटांत तिघांचे तीन हात वर. मंजूर.

मग वॉल्टर तिच्याकडे वळला. "मिसेस टिम्को, तुमच्या अर्जावर शेजाऱ्यांच्या हरकती आल्यात. असा विषय पूर्ण बोर्डापुढे व्हावा हे तुमच्याच हिताचं. पुढच्या महिन्यात या."

"त्यांना तिघं पुरले, मला पाच लागतात?"

"तुमच्याच हिताचं आहे," वॉल्टर मागच्या भिंतीला म्हणाला.

रोझेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने कोट खुर्चीवर फेकला, कपाट उघडलं, धाडकन बंद केलं, पुन्हा उघडलं.

"बश्या सगळ्या आजच फोडू नकोस," अँडी म्हणाला. "पुढच्या महिन्याला ठेव थोड्या."

"तू हसतोयस? तीस गाड्या, अँडी! तिथे दारू पिऊन माणसं गाड्या चालवणार, आणि अडचण कुणाची? माझ्या चड्ड्या-बनियनांची!"

अँडी हसायचा थांबला. "नाही गं हसत," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मी येतो सोबत."

तिसऱ्या महिन्यात पाचही जण होते आणि खोली भरली होती. हरकत घेणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढे कोनी मॅकगार्वी. कोनीचं घर त्या दुकानाच्या बरोबर समोर. रोझेला आणि ती शाळेत एका बाकावर बसलेल्या. कोनी कागद हातात घेऊन उभी राहिली आणि रोझेलाकडे न बघता वाचायला लागली.

"आमचा रस्ता शांत आहे. बारा-पंधरा गाड्या रोज आल्या तर आमच्या दारापुढे लागणार. शिवाय कसली कसली माणसं बाहेर घोळका करून उभी राहणार, गाणी लावणार, मोठ्याने बोलणार..."

"कसली माणसं, कोनी?" रोझेला बसल्या जागेवरून म्हणाली.

वॉल्टरने टेबलावर टकटक केलं. "मिसेस टिम्को, तुमची पाळी येईल."

पाळी आली. तिने भाषण लिहून आणलं होतं, अँडीने दोनदा तपासलेलं. ती उठली आणि कागद खुर्चीवरच राहिला.

"तुम्ही विचारताय गाड्या कुठे लावणार," ती म्हणाली. "अहो, गाड्या आहेत कुणाकडे? ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्याकडे घरात मशीन आहे! माझ्याकडे येणार ते ज्यांच्याकडे दोन्ही नाही. पाठीवर पोतं घेऊन येणार, चालत येणार. मी दोन शनिवार त्या रस्त्यावर घरोघर फिरलेय. एकोणसाठ घरं, गाड्या अकरा. कागद तुमच्या समोर आहे. वाचलात का कुणी?"

पाचांपैकी एकाने घाईघाईने कागद उलटा केला.

यारित्सा रात्रपाळीला जायच्या आधी मुद्दाम आली होती. ती उभी राहिली. बोर्डावरच्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी किती गाड्या आहेत?"

"एक," यारित्सा म्हणाली. "बाळाची."

मागे कुणीतरी हसलं. यारित्सा हसली नाही. तिने हात पुढे केले. बोटांच्या सांध्यांवर साबणाने चिरा पडल्या होत्या. "जीन्स हाताने पिळून बघा एकदा," ती म्हणाली आणि बसली.

पाचही जण एकमेकांच्या कानाशी लागले. मग वॉल्टरने घसा साफ केला. सूट मंजूर, तीन विरुद्ध दोन. रोझेलाने अँडीचा हात धरला. पण वॉल्टरचं वाक्य संपलं नव्हतं. दोन अटी होत्या. संध्याकाळी पाचला दुकान बंद. रविवारी पूर्ण बंद. शेजाऱ्यांच्या शांततेसाठी.

रोझेलाने अँडीचा हात सोडला. "इथली माणसं पाचपर्यंत कामावर असतात," ती म्हणाली. "रात्रपाळीवाली दिवसा झोपतात. धुणार कधी?"

"त्यांना वेळापत्रक थोडं बदलता येईल."

"कुणाला? यारित्साला? गोदामाच्या साहेबाला सांगणार का तुम्ही?"

"मिसेस टिम्को, बोर्डाने तुमच्यावर मेहेरबानी केलीय—"

"मग ती मेहेरबानी तुमच्याकडेच ठेवा!" तिचा आवाज इतका चढला की बाहेरच्या ओट्यावरचा माणूस आत डोकावला. "लिहून घ्या. रोझेला टिम्कोला ही सूट नको. स्टेकहाउस पाचला बंद होतं का? रविवारी बंद असतं का? तिथले लोक खाऊन-पिऊन ढेकर देत बाहेर पडले तर शांतता भंगत नाही. इथे एका बाईने पोराचे मोजे धुतले की भंगते!"

"नाकारलीत तर सूट मागायचा नवा अर्ज एक वर्ष करता येणार नाही," वॉल्टर म्हणाला. या वेळी तो भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"ऐकलं," ती म्हणाली आणि निघाली.

बाहेर कोनीने तिला गाठलं. "रोझी, थांब ना. तुझ्याविरुद्ध काही नाही गं माझं. तुला ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक आहे ते सांगू? तुझी आई शेवटचे दोन महिने इस्पितळात वर तिसऱ्या मजल्यावर होती. रोज चार चादरी. मी खाली ओळखायचे त्या, नंबर पाठ होता मला. तेव्हा घोळका नव्हता वाटला तुला माझा."

कोनीचा चेहरा उतरला. "हे असं बोलायला नको होतंस तू."

"नको होतं," रोझेला म्हणाली. "पण बोलले."

ते बोलल्याचं तिला आठवडाभर टोचत राहिलं. पण माफी मागायला तिचे पाय वळले नाहीत, कारण राग त्याहून मोठा होता. त्या रागातच तिने गावाची नियमावली कचेरीतून आणली आणि रोज सकाळी कॉफी घेऊन वाचायला बसायची. शत्रूचं पत्र वाचावं तशी. अँडी शेजारी अंडी तळायचा.

"दर दोन मशीनमागे एक जागा," एका सकाळी ती मोठ्याने वाचत होती. "दर दोन मशीनमागे. अँडी, मशीन म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नाही यात."

"मशीन म्हणजे मशीन. काय लिहायचंय त्यात?"

"केवढं मशीन?"

अँडीने अंडं उलटलं, मग थांबला. हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "इस्पितळात तुमच्याकडे ती बैलाएवढी होती तशी?"

"एवढी नको. एका वेळी साठ पौंड कपडे मावतील अशी." तिने पेन्सिल घेतली. तिने आधी ठरवलेली चोवीस मशीन वीस पौंडांची होती. साठ पौंडांची आठ घेतली तर कपडे तेवढेच धुऊन निघत होते. आणि आठ मशीनला जागा लागत होत्या चार. चार तिच्याकडे होत्या. सूट नको, बोर्ड नको, अटी नकोत. सुकवण्याची मशीन नियमात मोजलेलीच नव्हती.

ती ड्वाइटकडे गेली. त्याने ते कलम तीनदा वाचलं, उठून दार लावलं, चौथ्यांदा वाचलं.

"असं करता येतं असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "म्हणजे... येत नाही असंही इथे कुठे लिहिलेलं..."

"ड्वाइट, एकदा तरी वाक्य पूर्ण कर रे बाबा."

तो लाल झाला. "साध्या परवान्याचा अर्ज आणा," तो शेवटी म्हणाला. "मंगळवारी आणा. मी सही करतो. वॉल्टर मला चार शिव्या घालेल, घालू दे. ते स्टेकहाउस मलाही पचलं नव्हतं."

वॉल्टरने शिव्या घातल्याच, पण सही झाली होती.

मे महिन्यात दुकान उघडलं. सकाळी सहा ते रात्री दहा, रविवारसकट. पहिल्याच रविवारी आठही मशीन भरलेली आणि दारापर्यंत रांग. कुणी खरेदीच्या गाड्यात कपडे आणलेले, कुणी सुटकेसमध्ये, एका म्हाताऱ्याने स्लेजवर पोतं बांधून बर्फ नसताना फरफटत आणलेलं. यारित्साने तिन्ही पोरांची अंथरुणं एका मशीनमध्ये कोंबली आणि काचेतून फिरताना बघत उभी राहिली. गाड्यांच्या चार जागांपैकी तीन दिवसभर रिकाम्या होत्या.

लोकांना वाटलं, आता टिम्कोबाई शांत होईल. ती झाली नाही. बोर्डाने शरद ऋतूत नियम बदलला, मशीन पौंडांनी मोजायचं ठरवलं. तिचं दुकान आधीचं म्हणून वाचलं, पण तिच्यासारख्या पुढच्या कुणाला ती वाट राहिली नाही. कोनी आजही रस्त्यापलीकडून हात हलवते. रोझेला मान हलवते, त्यापुढे गाडी जात नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मात्र ती दुकान यारित्साच्या बहिणीवर सोपवते, केस विंचरते, कोट घालते आणि बोर्डाच्या बैठकीला जाऊन पहिल्या रांगेत बसते. मांडीवर नियमावली, पानापानाला खुणा. परवा तिथे एक न्हावी आला होता, दोन गाड्यांची सूट मागायला, टेप लावून स्वतः काढलेला नकाशा घेऊन. वॉल्टरने नकाशा दोन बोटांत धरला, तोंड उघडलं आणि त्याची नजर पहिल्या रांगेत गेली.

"मिसेस टिम्को," तो म्हणाला, "आज तुमचा काही विषय आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या. मी बघतेय."

न्हाव्याचा अर्ज त्याच रात्री मंजूर झाला. पाच विरुद्ध शून्य.