आजोबांचं पितळ

वणीतल्या आमच्या दारात नागपूर विमानतळाला जायची गाडी उभी होती आणि आई लोणच्याच्या बरणीवर आणखी एक प्लास्टिक गुंडाळत होती. तेवढ्यात बाबांनी रुमालात बांधलेलं एक खिशातलं घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

"घेऊन जा. इथं कपाटात पडूनच राह्यते. पितळ हाय, पण चालते चांगलं."

माझा भाऊ विनोद हसला. मग सगळेच हसलो. रडू आवरायला ते बरं पडलं.

घरात त्या घड्याळाला 'आजोबांचं पितळ' असंच म्हणत. आजोबा वणीत वकील होते. त्यांचा नागपूरचा एक डॉक्टर मित्र कायमचा कलकत्त्याला निघाला, तेव्हा त्यानं सोन्याचं म्हणून ते आजोबांना विकलं. त्या वर्षीच्या कापसाचा पैसा त्यात गेला आणि आजीच्या बांगड्या करायच्या राहून गेल्या. आजी म्हणायची, "सराफाकडं नेऊन एकडाव कसोटीवर घासा ना." आजोबा म्हणायचे, "दोस्ताचा शब्द घासून पाह्यत नसतात." झाकणाच्या आतले शिक्के ते दाखवू लागले की आजीचं उत्तर तयार असे, "शिक्का तं पितळेवरही मारता येते." येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे रंगवून सांगायची. आजोबा शांतपणे घड्याळाला चावी देत बसायचे. दोघंही गेले, नाव मात्र चिकटून राहिलं.

बर्मिंगहॅममध्ये ते माझ्या स्वयंपाकघरातल्या शेल्फला मसाल्यांच्या डब्यांशेजारी लटकलं. सुरुवातीला मी वणीच्या वेळेवरच जगायचे. आता आई जेवली असेल, आता बाबा फिरायला निघाले असतील. तिकडे राहिलेल्यांना वाटतं आम्ही सुटलो, आणि आमच्यासारख्या गेलेल्यांना ठाऊक आहे की पहिली काही वर्षं आपण कुठेच नसतो. मग हळूहळू हॉस्पिटलच्या अकाउंट्समधली नोकरी अंगवळणी पडली, शेजारीण किल्ली ठेवून जाऊ लागली, मुलं शाळेत रमली. तुरीच्या डाळीचं दुकान सापडलं त्या दिवशी तर मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला होता.

यंदा घड्याळाच्या झाकणाची बिजागरी सैल झाली. इथे सोन्याचांदीच्या कारागिरांची जुनी पेठ आहे, तिथे घेऊन गेले. दुकानातल्या बाईंनी भिंगातून पाहिलं आणि दुरुस्तीचं सोडून विचारलं, "याची किंमत कधी काढून घेतली आहे का?"

मी हसून म्हटलं, "पितळेची कसली किंमत?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आत बारीकसा मुकुट होता, सोन्यावरचा इथला जुना शिक्का, आणि शेजारी अठराचा आकडा. तरीही त्यांनी ते यंत्राखाली धरलं, ओरखडाही न काढता. अठरा कॅरेट सोनं. त्यांनी किंमत लिहून दिली, विमा उतरवायला सांगितलं. आकडा मोठा होता, पण मला तेव्हा दिसत होते ते मान खाली घालून चावी देणारे आजोबा.

घरी येताच बाबांना फोन लावला.

"पक्कं तपासलं काय?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. यंत्रावर."

मग म्हणाले, "माय पाह्यजे होती आज. तिले सांगितलं असतं." आणि वडिलांच्या आठवणीनं म्हणाले, "दादालेही सांगाले पाह्यजे होतं."

"आजोबांना माहीतच होतं, बाबा."

"हो," ते म्हणाले. "त्याहिले माहीतच होतं." आणि त्यांना हसू फुटलं, इतकं की आईनं आतून काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं.

विनोदनं फोन घेतला. एवढी मोलाची चीज परमुलखात कशाला, पुढच्या खेपेला घेऊन ये, लॉकरात ठेवू, असं तो म्हणत होता. मलाही ते पटत होतं. तिकडची वस्तू तिकडे जावी.

मागून बाबांचा आवाज आला, "लॉकरात कायले कोंडून ठेवतं? राहू दे तिथंच. घरातच हाय ते."

माझ्या इथल्या पत्त्याला बाबा आजवर 'तिकडं' म्हणत आले होते, 'तुह्या तिकडं'. घर म्हणजे फक्त वणी, हे त्यांचं गणित होतं आणि खरं सांगायचं तर माझंही. फोन ठेवून मी कुकर लावला. मुलं शाळेतून येत होती. आता मी 'घरी' म्हटलं की ऐकणाऱ्याला विचारावं लागतं, कोणत्या? मला दोन्ही चालतात.