जाळीपुढचा मेट्रो

कॅनडाच्या गव्हाच्या मुलखात झोरिया नावाचं गाव, आणि मेट्रो ह्रिचुक तिथला खाटीक. देवानं त्याला पाय जड दिले आणि खांदे बैलाचे. तो बर्फावर धावायला लागला की बायका म्हणत, गाडं सुटलं. पण गावाच्या हॉकी संघात तो आला आणि संघाला कणा आला. त्याआधी पोरं चपळ होती, पण शेजारच्या हाल्वर गावचे धिप्पाड गडी अंगावर आले की पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सोडून कोपऱ्यातून पळ काढायची. मेट्रोनं हिवाळाभर एकेकाला मैदानाच्या कडेच्या लाकडी फळ्यांवर रेटलं. फळीला चिकटून राहा, धक्का फळी सोसते. हातभर लांब थांबलास तर हाडं तुझी, एवढंच तो सांगे. पोरं शिव्या देत घरी जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

त्याची खोड एकच. डिवचलं की हात उठे. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात त्यानं हाल्वरच्या गुन्नारला लोळवलं, शिक्षेच्या बाकावर जाऊन बसला, आणि एक गडी कमी असताना झोरियावर गोल झाला. कुणी त्याला बोल लावला नाही. पण दुकानात मांस घेताना माणसं घाईत असायची.

यंदा पुन्हा तेच गाव, तोच गुन्नार. शेवटची काही मिनिटं उरली आणि बरोबरी. झोरियाचा संघ सांभाळणारा ओरेस्ट मेट्रोचा मेहुणा. तो जवळ आला.

"दाजी, आज हात उचलायचा नाही. त्यांच्या जाळीपुढून हलायचंही नाही."

"आणि त्यानं मारलं तर?"

"तर खायचं."

मेट्रो जाऊन उभा राहिला. गुन्नारची काठी पोटरीवर बसली, मग कमरेत. पंचानं शिट्टी जणू खिशात टाकली होती.

"काय रे खाटका," गुन्नार कानाशी म्हणाला, "बायकोनं हात बांधून पाठवलंय?"

मेट्रोच्या मुठी आवळल्या. वर बाकांवर म्हातारी आई छातीवर क्रूसाची खूण करत होती. तिला बघून तो प्रार्थना पुटपुटू लागला. 'आमच्या अपराध्यांना जशी आम्ही क्षमा करतो' इथं जीभ अडली. मग त्यानं नेटानं पुढचं म्हटलं.

तिकडे कोपऱ्यात झोरियाच्या तारासवर हाल्वरचे दोघे तुटून पडले. पोरगा फळीला चिकटून राहिला, पळाला नाही, आणि पक बाहेर ढकलला. लांबून झोरियाच्याच एका गड्याचा फटका आला. गुन्नार सगळा भार टाकून मेट्रोला ढकलत होता, आणि मेट्रोच्या पाठीआड हाल्वरच्या गोलरक्षकाला काही दिसत नव्हतं. पक मेट्रोच्या ढुंगणावर आदळला आणि जाळीत गेला.

पत्र्याचं छप्पर उडतंय की काय असा गलका झाला. झोरिया जिंकलं.

सामना संपल्यावर रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ ओळीनं हात मिळवत गेले. गुन्नारनं त्याचा हात जरा जास्तच वेळ धरला.

"भिंत आहेस लेका," तो म्हणाला.

रात्री चर्चच्या तळघरात जेवणं झाली. मेट्रोला काही केल्या बसवेना. बटाटा भरून उकडलेल्या पिरोगींचं ताट हातात घेऊन तो उभ्यानंच जेवला, आणि बायका त्याच्या ताटात वाढतच राहिल्या.