साहेबांनी फोडायला लावलेलं छत

अभियंता प्रल्हादराव सोनकांबळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते वाळूच्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या, वसाहती, शाळा, सगळ्याच बांधकामांची घाई चालली होती आणि नेमका त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला होता. मी उमरीहून आलेला नवखा सुपरवायझर. साहेबांनी मूठभर वाळू माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "चोळ." मी चोळली. हात मातकट झाला. "ही परत पाठव," एवढंच बोलून ते उठले. ठेकेदार त्यांना टरकून असायचा. त्या दिवसापासून मीही त्यांना भिऊ लागलो.

काम मुलींच्या नव्या शाळेचं होतं. जिन्यावर चार मुली शेजारी शेजारी उतरू शकतील एवढी रुंदी हवी, वर्गांची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, यावर साहेब अडून बसत. छतावरचं पाणी नळ्यांनी जमिनीखालच्या टाकीत नेण्याची सोय त्यांनी आराखड्यात घेतली, तेव्हा दुष्काळात कसली टाकी, म्हणून लोक हसले. साहेब कंधार तालुक्यातल्या एका बौद्ध शेतमजुराच्या घरातले. ते शिकले त्या शाळेची भिंत एका रविवारी कोसळली होती. "सोमवारी पडली असती तर आज मी तुझ्यापुढं नसतो," असं त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. त्यांचा कडकपणा कुठून आला, ते मला तेव्हा कळलं.

पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकला त्याच दिवशी त्यांच्या आईंची तब्येत बिघडल्याचा निरोप आला. निघताना त्यांनी मला बजावलं, "टँकर आला की अर्धं पाणी शेजारच्या वस्तीला, अर्धं स्लॅबला. स्लॅबवर अंथरलेला बारदाना, ती पोती, ओली राहिली पाहिजेत. आठ दिवस सुकू देऊ नको, न्हाईतर काँक्रीट कच्चं राहतं."

दुसऱ्या दिवशी टँकरभोवती घागरींची रांग लागली. ऊन असं, की दुपारी लोखंडाला हात लावता येत नव्हता. अर्धं पाणी वाटून मी नळी वर चढवू लागलो, तेव्हा वस्तीतल्या गंगूबाई पुढे आल्या. "सायेब, दगडाला पाणी पाजायलात, अन् आमची लेकरं तहानली हायत!" मागून गलका वाढला. कुणी नळी ओढली. मी घाबरलो आणि सगळं पाणी सोडून दिलं. चार दिवस असंच झालं. पोत्यांचा पापड झाला. आणि मी रजिस्टरात रोज लिहीत होतो, 'पाणी मारले.'

आईंच्या उशाशी जागून साहेब परतले ते थकलेले होते. त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि सही केली. मी गप्प राहिलो. पुढे ठरल्या दिवशी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा फळ्या-खांबांचा आधार काढला, तेव्हा कोपऱ्यातल्या वर्गाच्या छताला केसासारख्या भेगा दिसल्या. उद्घाटनाची पत्रिका छापून आली होती. मी त्या छताखाली उभा राहायचो आणि मला वर बघवत नसे. जेवण जाईना. शेवटी एका सकाळी साहेबांपुढे उभा राहिलो.

"साहेब, पाणी मारलं न्हाई मी. रजिस्टर खोटं हाय."

त्यांनी रजिस्टर उघडून त्या दिवसांची पानं चाळली. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"चार."

"त्या वर्गाला कुलूप लाव. आत कुणी जायचं न्हाई."

त्यांनी सगळ्याच वर्गांच्या छतांवर वाळूची पोती रचायला लावली. वजनानं छत किती लवतं आणि पोती उतरवल्यावर किती वर येतं, हे मोजायचं होतं. पोती एक दिवस तशीच ठेवली. जिना चढताना जरा काही वाजलं की मी जागीच थांबायचो. पोती उतरवल्यावर आणखी एक दिवस आम्ही थांबलो. बाकीच्या वर्गांची छतं वर आली. कोपऱ्यातलं आलं नाही.

"फोडा," साहेब म्हणाले. त्यांचाही आवाज कापत होता. "तुम्हाला पण भीती वाटली?" मी विचारलं. "लई वाटली. या खोलीत साठ पोरी बसणार होत्या."

मग ते स्वतः वस्तीत गेले. चूक आमच्या माणसाची झाली, असं सांगून त्यांनी छत पुन्हा टाकायचं असल्याचं समजावलं. गंगूबाईंनी विचारलं, "आमच्याच पोरी बसणार का तिथं?" साहेब हो म्हणाले. नवं छत टाकलं तेव्हा अर्धं पाणी वर चढवायला वस्तीतल्या बायकांनीच हात लावला. पाणी उडून जाऊ नये म्हणून साहेबांनी ओल्या पोत्यांवर प्लास्टिक अंथरलं. पोती उचलून ओल तपासायचं काम त्यांनी मला दिलं.

उद्घाटन लांबलं. वरिष्ठ संतापले. अहवालात साहेबांनी लिहिलं, 'देखरेखीतील चूक माझी.' माझं नाव घाला म्हणून मी हट्ट धरला. ते म्हणाले, "तू येऊन सांगितलंस. सांगणाऱ्यालाच शिक्षा झाली, तर पुढचा माणूस झाकून ठेवील. अन् मग पोरींच्या डोक्यावर येईल ते." त्यांची बढती थांबली आणि बदली धर्माबादला झाली. त्याबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दानं ऐकवलं नाही.

पुढे उमरीत मी स्वतंत्रपणे पहिली इमारत उभी केली. सेंट्रिंग काढायच्या दिवशी न बोलावता साहेब एसटीनं आले. छताला हातोडी लावून ठक ठक ऐकत फिरले, भाकरी खाल्ली आणि "बरं हाय" म्हणून परत गेले. त्या दोन शब्दांनी माझा जीव भांड्यात पडला.

साहेब, आज तुम्ही पंचाहत्तर वर्षांचे झालात. अजूनही स्लॅब टाकला की मी स्वतः पोती उचलून ओल तपासतो. आता हाताखालच्या मुलांच्या चुका ऐकायची पाळी माझी आहे, आणि दरवेळी मला तुमच्याइतकं शांत राहणं जमत नाही. तुमचे गुडघे, तुमची नजर, तुमचा श्वास सगळं धड राहो आणि तुम्हाला पुष्कळ वर्षं मिळोत. चूक झाल्यावर ज्याच्यापुढे उभं राहून खरं बोलता येतं, असा माणूस आम्हाला अजून हवा आहे.