कोपऱ्यातली फट

नगरमध्ये कॉम्प्युटर नवे होते, तेव्हा मी केडगावला एका इंजिनिअरच्या ऑफिसात त्यावर घरांचे नकाशे काढायचो. एकदा काष्टीचा एक टेम्पोवाला आला. नाव विसरलो, हातातली किल्ली आठवते. भावाभावांची वाटणी झाली होती, घराच्या मधोमध भिंत घालायची होती.

स्क्रीनवर ती भिंत बाहेरच्या भिंतींना काही केल्या जुळेना. एका टोकाला जोडली, की दुसऱ्या टोकाला फट पडायची. फट जिकडे सरकेल, तिकडे तो किल्लीचं टोक काचेवर टेकवायचा. शेवटी मी प्रोग्रामला शिव्या घालू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की तेवढी. आई धाकट्याकडं हाय. येईल-जाईल तिथनं."

"अहो, प्रत्यक्षात ती फट दोन इंचसुद्धा भरणार नाही."

"आमची म्हातारी लई बारीक हाय," तो म्हणाला. हसला नाही.

मी त्या भिंतीत एक दार काढलं आणि विचारलं, "कडी कुठल्या बाजूला दाखवू? तुमच्या, की भावाच्या?"

त्याने किल्ली खिशात टाकली.

"कडी नगं."